नाला खोलीकरणाआधी आणि नंतर विहिरींची पातळी मोजायची आहे: किती विहिरी, कशाने, कधी?

बालाघाटी | ३ एप्रिल, रात्री ९:१०
नमस्कार मंडळी. बालाघाटच्या पठारावर, मांजरा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावरचं गाव. शिवार साधारण ५०० हेक्टर. मे महिन्यात ओढ्याचं दीड किलोमीटर खोलीकरण-रुंदीकरण होणार आहे. ग्रामसभेत ठरलंय की यंदा बॅनरवर नुसतं 'पाणीपातळीत वाढ' न छापता खरे आकडे ठेवायचे. शिवारात ६२ विहिरी आहेत. बोअर किती, ते मारणाऱ्यालाच ठाऊक. प्रश्न तीन: सगळ्या विहिरी मोजाव्यात का? कशाने मोजाव्यात? वर्षातून किती वेळा? ओढ्यात दोन डोह आहेत, उन्हाळ्यात गायरानातली काळविटं तिथं पाण्यावर येतात. त्यांचीही काही नोंद ठेवता येईल का, हा चौथा.

मुरूम_खडक | ३ एप्रिल, रात्री ९:४२
६२ नकोत. पंधरा-सोळा नीट मोजल्या तर पुरे. ६२ मोजायला निघालात की तिसऱ्या महिन्यात वही बंद पडते.
विहिरी किती खोल आहेत, बांधीव किती, आडवे बोअर (विहिरीच्या भिंतीतून आडवी मारलेली छिद्रं) किती जणांनी घेतलेत, हे आधी कळवा.

बालाघाटी | ३ एप्रिल, रात्री १०:०५
खोली ३५ ते ६० फूट. वरचे १५-२० फूट बांधीव, खाली उघडा खडक. आडवे बोअर निम्म्याहून जास्त विहिरींत आहेत.

सांडवा | ४ एप्रिल, सकाळी ७:१५
निवडीपासून सांगतो, कारण बहुतेक गावांचं गणित इथंच चुकतं. ओढ्याकाठच्या चार चांगल्या विहिरी निवडायच्या आणि पाणी वाढलं म्हणायचं. ओढ्याकाठच्या विहिरी पावसाळ्यात वाढणारच, यंत्र आलं नसतं तरी.

ओढ्याला काटकोनात तीन रेषा कल्पा: एक कामाच्या वरच्या टोकाला, एक मध्यात, एक खालच्या टोकाला. प्रत्येक रेषेवर दोन्ही बाजूंना दोन-दोन विहिरी घ्या, एक काठापासून ५० ते १०० मीटरवर आणि दुसरी ३०० ते ४०० मीटरवर. झाल्या १२. शिवाय चार विहिरी शेजारच्या पाणलोटातल्या, जिथं यंदा काम होणार नाही तिथल्या. खडक तसाच, उतारावरची जागा तशीच, पीकही साधारण तेच हवं. या चार तुलनेच्या विहिरी. त्या नसतील तर बाकीच्या बारांचे आकडे वाचायचे कशाच्या आधारावर?

प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तेलरंगाने एक बाण काढा आणि दर वेळी तिथूनच मोजा. बाणाची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून वहीत लिहा. पाणी बाणापासून ९.४० मीटरवर आणि कठडा ०.८० मीटर उंच, तर जमिनीखाली ८.६० मीटर. पुढं कुणी कठडा वाढवला किंवा पाडला तर बाण हलतो. मग नवी उंची आणि तारीख लिहायची, जुनी खोडायची नाही. मोजणाऱ्यांत एकजण फुटात आणि दुसरा मीटरमध्ये लिहीत असला तर वही चुलीत घातलेली बरी.

तिफण | ४ एप्रिल, सकाळी ८:०२
नारळ तळहातावर उभा राहतो का ते बघायचं सोडून तुम्ही टेप घेऊन निघालात? धंदा बुडवता गरिबाचा.

बझरवाला | ४ एप्रिल, सकाळी ९:३०
तिफणभाऊ, नारळ फक्त पाण्याची जागा दाखवतो म्हणतात, पातळी सांगत नाही. :)

उपकरणाचं. उघड्या विहिरीत सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे स्टीलची टेप आणि फळ्यावरचा खडू. टेपच्या टोकाला वजन बांधा, खालच्या मीटरभर भागाला कोरडा खडू चोळा. टेप पाण्यात इतकी सोडा की बाणापाशी पूर्ण मीटरची खूण येईल, समजा १० मीटर. वर काढा. खडू जिथपर्यंत भिजला तो आकडा वाचा, समजा ०.६२. पाणी ९.३८ मीटरवर. सेंटीमीटरपर्यंत अचूक. कापडी टेप नको, भिजून ताणते.

बोअरमध्ये टेप चालत नाही, पाइप आणि केबलच्या मध्ये अडकते. तिथं विजेचा तारमापक करा: दोन पदरी लवचीक वायर, टोकाशी दोन्ही तारा सेंटीमीटरभर सोललेल्या पण एकमेकींना न चिकटणाऱ्या, त्यावर अर्धा इंची पीव्हीसीचा वीतभर तुकडा म्हणजे केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या नळीच्या) ओल्या भिंतीला तारा लागणार नाहीत, आणि खाली पाव किलोचं वजन. वरच्या टोकाला ९ व्होल्टची बॅटरी आणि बझर. पण बझर थेट जोडला तर नीट वाजत नाही, पाण्यातून जेमतेम एखादा मिलिअँपिअर वाहतो. मध्ये बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर टाका, पाच-दहा रुपयांत मिळतो. तेवढीही खटपट नको असेल तर बॅटरी-बझर सोडा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवा. तारा पाण्याला लागल्या की आकडा एकदम काही हजार ओहमवर उतरतो. वायरवर दर मीटरला चिकटपट्टी, दर पाचला वेगळा रंग. वायरही ताणते, म्हणून दर सहा महिन्यांनी स्टीलच्या टेपशी ताडून पाहायची.

बोअरमध्ये वरच्या भेगेतून पाणी आत ठिबकत असेल तर बझर मधेच वाजतो आणि खोटी पातळी दाखवतो. कान लावून ऐका, आत झऱ्यासारखा आवाज येतो. तसं असेल तर पाइपाशेजारून पाऊण इंची पीव्हीसी नळी सोडून तिच्यातून वायर टाका.

ऑटो_बंद_करा | ४ एप्रिल, सकाळी ९:४८
वायर टाकण्याआधी स्टार्टरवरचा ऑटो काढा. नुसतं बटण दाबून भागत नाही. थ्री फेज आली की मोटर आपोआप चालू होते आणि तुमची वायर पाइपाभोवती गुंडाळली जाते. हातात ओली वायर असेल तर त्याहून वाईट. मेन स्विच खाली, फ्यूज खिशात.
आणि मोजण्यासाठी विहिरीत कुणी उतरू नका. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत तळाशी हवा कोंदलेली असते.

मुरूम_खडक | ४ एप्रिल, दुपारी १:२०
कधी मोजायचं, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोजते. हे चार महिने तुम्हीही चुकवू नका, म्हणजे तुमचे आकडे जवळच्या निरीक्षण विहिरीशी ताडता येतील. पण एका ओढ्याचा परिणाम बघायला चार मोजण्या अपुऱ्या. जून ते डिसेंबर दर पंधरा दिवसांनी, पुढं महिन्याला एकदा.

सगळ्या सोळा एकाच दिवशी. विहीर किमान १२ तास बंद असलेली, शेजारच्या दोन विहिरीही बंद. आपल्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यामुळं 'रविवारी सकाळी' असं डोळे मिटून ठरवू नका, वेळापत्रक बघून वार ठरवा. चालू मोटरच्या विहिरीत मोजलेला आकडा खोडू नका, शेजारी 'मोटर चालू' लिहा आणि आलेखात घेऊ नका.

अजून एक भानगड आपल्याकडची खास. बोअरचं पाणी विहिरीत सोडून तिथून पिकाला उचलणारे बरेच असतात. अशा विहिरीची पातळी ही टाकीची पातळी, भूजलाची नाही. निवडतानाच विचारून घ्या.

ऊसकरी | ४ एप्रिल, दुपारी ३:०५
एवढा व्याप कशासाठी? खोलीकरण झालं, पाणी अडलं, विहिरीला पाणी आलं. डोळ्यांनी दिसतं की राव. कागद रंगवून पाणी वाढतं का?

घनमीटर | ४ एप्रिल, सायंकाळी ६:४०
ऊसकरी दादा, तुमच्याच भाषेत हिशेब मांडतो.

शिवार ५०० हेक्टर म्हणजे ५० लाख चौरस मीटर. समजा मे ते ऑक्टोबर पातळी सरसकट ३ मीटर वाढली. बॅनरवर झकास दिसतं. पण बेसाल्ट म्हणजे रांजण नाही. देशभर वापरल्या जाणाऱ्या भूजल मूल्यांकनाच्या पद्धतीत बेसाल्टमधून मोकळं होणारं पाणी आकारमानाच्या १ ते ३ टक्के धरतात, शिफारस २ टक्क्यांची. ५० लाख गुणिले ३ गुणिले ०.०२, म्हणजे ३ लाख घनमीटर. उसाला हेक्टरी २० ते २५ हजार घनमीटर लागतं. भागाकार करा: १२ ते १५ हेक्टर ऊस. पाचशे हेक्टरांच्या शिवाराची तीन मीटर पातळी तेवढ्यात संपते.

आता दुसरी बाजू. वर्षाचा पाऊस ७०० मिमी धरू. त्याच पद्धतीत झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाचा ७ टक्के आणि सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टमध्ये १३ टक्के भाग मुरतो असं धरतात. म्हणजे ४९ ते ९१ मिमी. २ टक्क्यांनी भागा: पातळीत अडीच ते साडेचार मीटर वाढ नुसत्या पावसानं, ओढ्याला कुदळ न लावता. मग तुमच्या तीन मीटरमधलं खोलीकरणाचं किती आणि पावसाचं किती? सांडवा यांच्या त्या चार तुलनेच्या विहिरी यासाठीच.

आणि खोलीकरणाचं पाणी: दीड किलोमीटर लांब, १० मीटर रुंद, सरासरी २ मीटर खोल. एका भरण्याला ३० हजार घनमीटर. सगळं मुरलं आणि सगळ्या शिवारात सारखं पसरलं असं धरलं तरी ३० सेंटीमीटर. म्हणून परिणाम दिसला तर काठाजवळच्या विहिरींत दिसेल, ४०० मीटरवर बहुधा नाही. ओढा किती वेळा भरला ते मात्र लिहून ठेवा. तीनदा भरला की एकदा, यावर सगळं गणित फिरतं.

ऊसकरी | ४ एप्रिल, सायंकाळी ७:१२
१२ हेक्टर? गावात ४० हेक्टर ऊस आहे आत्ता.

घनमीटर | ४ एप्रिल, सायंकाळी ७:१५
मग बाकीच्या २८ हेक्टरांचं पाणी कुठून येतंय ते तुम्हीच सांगा.

तिफण | ४ एप्रिल, सायंकाळी ७:१९
आठशे फुटांवरून.

गेरूचा_थर | ४ एप्रिल, रात्री १०:३०
आठशे फुटांचा विषय निघालाच आहे, तर खडकाबद्दल लिहितो. मराठवाड्याचा बहुतेक भाग लाव्हाच्या थरांचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. एकेक थर म्हणजे केकचा तुकडा नाही. प्रत्येकाचा वरचा भाग बुडबुड्यांचा, सच्छिद्र. त्या छिद्रांत पांढरी खनिजं भरलेली असतात, जिओलाइट वगैरे. हा भाग लवकर झिजतो, त्यात पाणी राहतं. खालचा भाग घट्ट काळा पाषाण, त्यात फक्त भेगांतून पाणी. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबडा मातकट पट्टा, आपण गेरू म्हणतो तो. तो चिकणमातीसारखा, पाणी खाली जाऊ देत नाही आणि स्वतःही देत नाही. गावागणिक नावं बदलतात: कुणी सच्छिद्र भागाला मांजऱ्या म्हणतं, कुणी सगळ्याच मऊ खडकाला. म्हणून विहीर खोदणाऱ्याचा शब्द लिहून घ्या, पण शेजारी रंग आणि कठीणपणाही लिहा.

याचा अर्थ तुमच्या ५० फुटी विहिरीचं पाणी आणि आठशे फुटी बोअरचं पाणी ही एक पातळी नाही. एकाच वहीत ठेवा, पण सरासरी काढू नका. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर अभ्यासासाठी ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, त्यात लाव्हाचे थर ३३८ मीटरला संपले आणि खाली जुना स्फटिकी खडक लागला. म्हणजे त्या भागात हजार फुटांनंतर बेसाल्टच जवळजवळ संपतो, पाणी कशात शोधणार? २००९च्या भूजल कायद्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणलं, ते उगीच नाही. पाळतं कोण, हा वेगळा धागा.

आणि बोअरनं विहीर आटते ती अशी: केसिंग घट्ट खडकात पुरेसं न रुतवता वरच्या मुरुमातच सोडलं की वरचं पाणी केसिंगच्या बाजूनं उतरतं आणि खालच्या कोरड्या भेगांत जातं. बझरवाला म्हणतात तो आत ठिबकण्याचा आवाज हाच. कुणाच्या तरी विहिरीचं पाणी असतं ते.

बिलोलीकर | ४ एप्रिल, रात्री १०:५२
नांदेडच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत हे सगळं लागू नाही बरं का. इकडं ग्रॅनाइट. २ टक्के, ७ टक्के हे आकडे आमच्याकडे जसेच्या तसे लावू नका. आणि ग्रॅनाइटात फ्लोराइडही तपासावं लागतं, पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅम प्रतिलिटर इष्ट, पर्याय नसेल तर १.५ची कमाल मर्यादा.

घनमीटर | ४ एप्रिल, रात्री ११:०१
बरोबर. माझे आकडे बालाघाटीच्या बेसाल्टसाठी.

रिगवाला | ५ एप्रिल, सकाळी ६:५०
बोअरची बदनामी सुरू झालीच आहे तर एक खरं सांगतो: 'दोन इंची पाणी लागलं' म्हणतात ते पाइपाचं माप नाही. बोअरमधून हवेनं उसळणारं पाणी चर काढून एका पत्र्याच्या व्ही आकाराच्या खाचेतून सोडतात, त्या खाचेतली पाण्याची उंची इंचात. काटकोनी खाच असेल तर १ इंचाला तासाला साधारण ५१० लिटर, २ इंचाला २,९००, ३ इंचाला ८,०००. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींनी जास्त. शेतकरी समजतो २ इंच म्हणजे १ इंचाच्या दुप्पट. आणि हा प्रवाह रिग, म्हणजे बोअर मारायचं यंत्र, हवा मारते तेवढ्यापुरता. भेगेत साठलेलं पाणी सुरुवातीला जोरात येतं. तासाभरानंतर पुन्हा मोजा, मग मोटर किती एचपीची ते ठरवा.

तिफण | ५ एप्रिल, सकाळी ७:०५
रिगवालाच खरं बोलायला लागला म्हणजे पाऊस लवकर येणार.

मुरूम_खडक | ५ एप्रिल, सकाळी ११:१०
पातळीबरोबर आणखी एक मोजणी वर्षातून दोनदा करा, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत: विहीर किती वेगानं भरते. पातळी पावसावर हलते, भरण्याचा वेग खडकाचा स्वभाव सांगतो.

विहीर विसावलेली असताना पातळी घ्या. मग मोटर चालवून पाणी ३ मीटर खाली न्या, बंद करा. पहिला तास दर ५ मिनिटांनी, पुढं दर अर्ध्या तासानं मोजा. विसावलेल्या पातळीपासून ३ मीटरची तूट दीड मीटरवर यायला किती तास लागले ते बघा. सूत्र: २.३०३ गुणिले विहिरीचं क्षेत्रफळ, भागिले तास, गुणिले (सुरुवातीची तूट भागिले उरलेली तूट) याचा १० पायाचा लॉग. ८ मीटर व्यासाची विहीर, क्षेत्रफळ ५०.३ चौरस मीटर, निम्मी तूट ८ तासांत भरली, तर उत्तर येतं साधारण ४.३५ घनमीटर. म्हणजे प्रत्येक मीटर तुटीमागे तासाला ४,३५० लिटर.

कुठं फसतं: मुख्य झरा ज्या खोलीवर आहे त्याच्या खाली पाणी नेलंत तर झरा हवेत पडतो, आवक तुटीवर अवलंबून राहत नाही आणि सूत्र कोलमडतं. म्हणून झऱ्याची खोली आधी बघून घ्या. चाचणी चालू असताना शेजाऱ्यानं मोटर लावली तरी तेच. नवा आडवा बोअर घेतला की जुन्या चाचणीशी तुलना बंद. तारीख लिहून ठेवा, कारण दोन वर्षांनी 'खोलीकरणानं विहीर जोरात भरायला लागली' म्हणून तोच आकडा पुढं येतो.

सांडवा | ५ एप्रिल, दुपारी १२:३५
वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता ज्याची मला जास्त काळजी वाटते ते. बालाघाटी, काम सुरू व्हायच्या आधी ओढ्याच्या तळाची पातळी घ्या. सोळाही बाण आणि ओढ्याचा तळ एकाच संदर्भाला जोडा. डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) मिळाली तर उत्तम, नाहीतर पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन पट्ट्या, वेळ लागेल पण होईल. फोनच्या जीपीएसवरची उंची घेऊ नका, ती कित्येक मीटरनं चुकते. तुम्हाला हवाय तो फरक तेवढाच असतो.

कारण असं: बालाघाटावर डिसेंबरपर्यंत बऱ्याच ओढ्यांत विहिरींचंच पाणी पाझरून येतं. म्हणजे विहिरीतली पातळी ओढ्याच्या तळापेक्षा उंच असते. तळ आणखी दोन-तीन मीटर खाली नेलात तर हा पाझर वाढतो. ओढा डिसेंबरात भरलेला दिसतो, फोटो छान येतो आणि काठाच्या विहिरी फेब्रुवारीऐवजी जानेवारीत बसतात. पाणी मुरवायला खोदलेला ओढा चर होऊन बसला. मुरूम जिथं संपतो आणि कठीण खडक लागतो तिथं थांबायचं, मधे मधे अडसर ठेवायचे, म्हणजे खोदाई सलग नको. आणि तळाशी एक-दोन पावसाळ्यांत काळ्या मातीचा गाळ बसतो, तो मुरणं बंद करतो. दर उन्हाळ्यात गाळ काढायचा खर्च आराखड्यात आहे का ते विचारा.

ऊसकरी | ५ एप्रिल, दुपारी १:००
हे मात्र पटलं. आमच्या वरच्या अंगाचे ओढे असेच पन्हाळीसारखे झालेत.

खामनदी | ५ एप्रिल, दुपारी २:२६
चार शतकांपूर्वी मलिक अंबरनं औरंगाबादेत जमिनीखालून नहर आणली, ती याच तत्त्वावर: भूजल उतारावर जमिनीखालच्या बोगद्यात झिरपवायचं आणि गुरुत्वानं शहरात सोडायचं. ठरावीक अंतरावर वर उघडणारी कूपं. फरक इतकाच की त्यांना पाणी काढायचंच होतं. तुम्हाला ठेवायचंय. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर, नहर तीच.

चक्रवाक | ५ एप्रिल, रात्री ८:४५
काळविटांच्या चौथ्या प्रश्नाकडे कुणीच वळलं नाही, म्हणून मी.

पहिली गोष्ट डोहांची. खोलीकरणात डोह सरळ करून टाकतात. एकसारखा काटकोनी खड्डा होतो, काठ दोन पुरुष उंच. काळवीट उघड्या माळाचं जनावर, दोन भिंतींच्या मध्ये पाण्याला उतरत नाही. घसरून पडलं तर निघत नाही. दर दोनशे मीटरला एका बाजूनं उतार ठेवा, उंचीच्या किमान चौपट लांबीचा. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, चालवणाऱ्याला काम सुरू असतानाच सांगावं लागतं. तुमच्या कठडा नसलेल्या जुन्या विहिरींची यादीही याच वहीत करा, हरणं आणि कोल्हे त्यांतच पडतात.

नोंद. डोहाशेजारी खांबाला ट्रॅप कॅमेरा, जमिनीपासून गुडघ्याएवढा, म्हणजे ४०-५० सेंटीमीटर. तोंड उत्तरेला, पूर्व-पश्चिम केलंत तर सकाळ-संध्याकाळ ऊन भिंगात जातं. समोरचं गवत कापा. हा कॅमेरा उष्णतेतल्या हालचालीवर चालतो, त्यामुळं मेच्या दुपारी तापलेलं गवत हललं तरी फोटो, आणि जमीनच जनावराइतकी तापली की खरं जनावर सुटतं. दुपारच्या आकड्यांवर फार भरवसा नको. शंभर फोटो म्हणजे शंभर काळविटं नव्हेत. अर्ध्या तासाच्या आतले फोटो एक भेट धरा. वाघासारखे पट्टे नसल्यानं एकेक प्राणी ओळखता येत नाही, तेव्हा 'रोज किती भेटी' एवढंच म्हणा, 'किती काळविटं' नाही. जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी. काळवीट १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, फोटोंच्या जागा गटावर टाकू नका.

आणि डोहातली पाण्याची खोलीही त्याच दिवशी मोजा. जायकवाडीवर पक्षी मोजतानाही हाच घोळ होतो. तिथला नाथसागर जलाशय उथळ, बशीसारखा. पाणी थोडं उतरलं की काठ कित्येक मीटर मागं सरतो, चिखल उघडा पडतो आणि चिखलपक्षी वाढतात. पाणी तुडुंब असेल तर पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हिवाळी हंस) काठच्या शेतांत सापडतात. जानेवारीतल्या गणनेत दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवायचे तर धरणाची त्या दिवशीची पातळी शेजारी हवीच, नाहीतर पक्षी घटले की नुसते दुसरीकडे बसले ते कळत नाही. १९८६पासून अभयारण्य आहे ते, पण आधी सिंचनाचं धरण. पातळी पक्षी ठरवत नाहीत.

पर्जन्यमापक | ५ एप्रिल, रात्री ९:३०
पाऊस गावातच मोजा. महसूल मंडळाचं पाऊस मोजायचं केंद्र दहा किलोमीटरवर असेल तर एका सरीत फरक ४० मिमीचाही असू शकतो. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर असलेला पर्जन्यमापक घेतला तर १ मिमी पाऊस म्हणजे २० मिलिलिटर, साध्या मोजपात्रानंही चालतं. तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटर वर, झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या दुप्पट लांब. रोज सकाळी ८:३०ला, पाऊस नसला तरी ०.० लिहा. रिकामी जागा म्हणजे पाऊस नव्हता की मोजणारा नव्हता हे पुढं कुणालाच सांगता येत नाही. शाळेच्या पत्र्याखाली ठेवू नका, हे सांगावं लागतंय.

बालाघाटी | ६ एप्रिल, रात्री ९:५५
सगळ्यांचे आभार, आज दोघंजण शिवार फिरलो. ओढ्यावर तीन रेषा, बारा विहिरी, पलीकडच्या पाणलोटात चार. बाण काढले. ओढ्याच्या तळाची पातळी घेण्यासाठी डंपी लेव्हल पुढच्या आठवड्यात मिळेल. काम करणाऱ्याला उतारांचं आणि अडसरांचं आधीच लिहून दिलं. कॅमेरा एकच आहे, खालच्या डोहावर लावू. पहिली मोजणी रविवारी पहाटे ५ला, त्या आठवड्यात लाइट दिवसाची आहे.
एक अडचण. मधल्या रेषेवरची ७ नंबरची विहीर काठापासून ६० मीटर, जागा अगदी हवी तशी. पण तिच्यात बोअरचं पाणी सोडतात.

मुरूम_खडक | ६ एप्रिल, रात्री १०:०८
वगळा. शेजारची घ्या, १०० मीटरवर असली तरी चालेल.

बालाघाटी | ६ एप्रिल, रात्री १०:११
ती सरपंचांची आहे. त्यांचीच नाही घेतली तर बाकीचे मोजू देणार नाहीत.

सांडवा | ६ एप्रिल, रात्री १०:१४
मग मोजा. पण वेगळ्या पानावर लिहा, आणि वर 'टाकी' असा मथळा द्या.